ऑर्गॅनिक की फंक्शनल? बेंडरच्या नऊ कार्डांवर किती भार टाकायचा?

कार्ड_ए

मानसोपचाराच्या ओपीडीतून चिठ्ठी येते. वर पेशंटचं नाव, खाली एकच ओळ: "ऑर्गॅनिक की फंक्शनल? बीजीटी करा." म्हणजे दुखणं मेंदूच्या इजेचं की मनाच्या आजाराचं, ते बेंडर-गेस्टाल्ट चाचणी घेऊन सांगा. कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, कुठल्याही टेबलावर बसा, चिठ्ठी हीच.

पेशंटही साधारण ठरलेला. तिशीतला, सहाएक महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडलेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. शुद्ध किती वेळ हरपली होती यावर घरच्यांचं एकमत नाही. आता चिडतो, झोपत नाही, भावकीवर संशय घेतो, कामाला जात नाही. सीटी स्कॅनवर "विशेष काही नाही". काका म्हणतात आधीपासूनच जरा तसाच होता, बायको म्हणते अजिबात नव्हता.

बेंडरची नऊ कार्डं (ए आणि १ ते ८, प्रत्येकावरची आकृती बघून कागदावर तशीच काढायची) दहाएक मिनिटांत होतात, खर्च नाही, भाषेचा अडसर नाही. लॅक्सच्या गुणांकनाच्या रीतीनं बारा प्रकारच्या चुका शोधायच्या, पाच किंवा जास्त भरल्या की "ऑर्गॅनिसिटी सूचित". चार भरल्या की माणूस मनोरुग्ण आणि पाच भरल्या की मेंदूचा रुग्ण, हे गळी उतरत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, आकृत्या काढून घेऊन मनाचा आजार आणि मेंदूची इजा खरंच वेगळी करता येते का? येत असेल तर कुठल्या चुकांना वजन द्यायचं? आणि येत नसेल तर रिपोर्टात लिहायचं काय? चिठ्ठी पाठवणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवं असतं.

बिंदूचौक_कट्टा

तांबडा की पांढरा, एकच सांगा म्हटल्यासारखा प्रश्न हाय हा. ताटात दोन्ही वाट्या येतात की राव.

पेन्सिल_एचबी

कट्टेकरांचा विनोद चिठ्ठीपेक्षा जास्त शास्त्रीय आहे. डोक्याला मार लागल्यावर नैराश्य येतं, काहींना भ्रमही होतात. आणि स्किझोफ्रेनियाचा पेशंटसुद्धा मोटरसायकलवरून पडतोच. डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीनं १९९४ साली 'ऑर्गॅनिक' हा गटच काढून टाकला, कारण त्या शब्दामुळे उरलेल्या आजारांचा मेंदूशी संबंध नाही असा अर्थ निघत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीत तो राहिला, म्हणून आपल्याकडच्या चिठ्ठ्यांत अजून नांदतोय.

आता कामाचं. स्कोअरवर वाद घालण्याआधी कागद कसा भरून घेतला ते बघा. कितीतरी 'ऑर्गॅनिक' चुका टेबलावरच तयार होतात.

कागद कोरा, बिनरेघी, उभा ठेवायचा. रेघी वही फाडून दिली की आकृत्या रेघांना चिकटतात आणि मांडणीची सगळी माहिती जाते. एचबी पेन्सिली दोन, टोक काढलेल्या. खोडरबर द्यायचं, पट्टी नाही. चश्मा घरी राहिला असेल तर चाचणी दुसऱ्या दिवशी. कार्ड एका वेळी एक, कागदाच्या वरच्या कडेला समांतर. सूचना एवढीच: "एकेक कार्ड दाखवतो. त्यावर जे दिसतंय तसंच या कागदावर काढा." "ठिपके मोजू का?" असं विचारलं तर "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." मोजा म्हणालात किंवा नको म्हणालात, दोन्हीकडे चाचणी बिघडली.

पेशंट कार्ड फिरवू लागला तर एकदा सरळ करून ठेवायचं. पुन्हा फिरवलं तर फिरवू द्यायचं, पण लिहून ठेवायचं. कागद फिरवला तर त्या आकृतीशेजारी 'वर' कुठे होतं त्याचा बाण. हा बाण विसरलात तर नंतर फिरलेली आकृती आणि फिरलेला कागद यांत फरक कळत नाही. आकृती फिरणं ही लॅक्सच्या यादीतली वजनदार चूक आहे. त्यातही लहान मुलांसाठीच्या कोपिट्झ पद्धतीत ४५ अंशांपासून चूक धरतात, लॅक्सकडे ८० ते १८०. दोन पद्धतींचे नियम एकाच कागदावर मिसळलेले रिपोर्ट सर्रास दिसतात.

सगळ्यात मोलाची पायरी शेवटची, आणि तीच गाळली जाते. नऊ आकृत्या संपल्या की बिघडलेल्या आकृतीवर बोट ठेवून विचारायचं, "हे आणि कार्डावरचं सारखं आहे का?" उत्तरं तीन तऱ्हेची येतात. फरक दिसतच नाही, तर बघण्यात गोंधळ. फरक दिसतो आणि पुन्हा काढल्यावर नीट येतं, तर घाई, अवधान किंवा इच्छा यांचा मामला. फरक दिसतो, तीनदा खोडून काढलं तरी जमत नाही आणि माणूस हवालदिल होतो, तर तिथे थांबा. बारा चुकांपैकी एकाच चुकीला वजन द्यायचं म्हटलं तर मी या हतबलतेला देईन. गोंधळलेला मनोरुग्ण सहसा आपल्या चुकीशी असा झगडत नाही.

संख्याकाका

पेन्सिलरावांचं शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला अनुमोदन. तीव्र नैराश्यातला माणूसही खोडतो आणि "मला काहीच जमत नाही" म्हणतो. फरक हा की त्याची खोडलेली आकृती मुळात बरोबर असते.

आता कट-ऑफचा, म्हणजे पाच चुकांच्या त्या सीमारेषेचा हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरतोय. समजा चाचणी मेंदूची इजा असलेल्या १०० पैकी ७५ जण पकडते आणि इजा नसलेल्या १०० पैकी २५ जणांवर चुकून शिक्का मारते. मानसोपचाराच्या २०० पेशंटांत खरी इजा असलेले २० धरा. त्यातले १५ सापडले. उरलेल्या १८० पैकी ४५ जणांवर चुकीचा शिक्का. शिक्का एकूण ६० जणांवर, खरे १५. म्हणजे "ऑर्गॅनिक" लिहिलेल्या चार रिपोर्टांपैकी तीन चूक.

हीच कार्डं, हाच कट-ऑफ घेऊन न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात जा, जिथे २०० पैकी १०० जणांना इजा आहे. ७५ खरे, २५ खोटे. चारात तीन बरोबर. कार्डं तीच, बसायची जागा बदलली. मील आणि रोझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ सालीच हे गणित मांडलं, तरी कट-ऑफ सगळीकडे एकच लावला जातो.

दुसरं. १९७८ साली हीटन, बाड आणि जॉन्सन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक मानसिक आजार आणि मेंदूची इजा यांत चाचण्या बऱ्यापैकी फरक करत होत्या, साधारण चारात तीन वेळा बरोबर. पण जुन्या, वर्षानुवर्षं दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांची पाळी आली की अचूकता ५४ टक्क्यांच्या आसपास घसरली. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि चिठ्ठ्या अशा पेशंटांसाठीही येतात.

बिंदूचौक_कट्टा

मग नाणंच ठेवा की ओपीडीत. कार्डांपेक्षा स्वस्त.

जुना_खोडरबर

काका, हिशेब बरोबर, पण एवढ्यावरून कार्डं बाद करायची घाई नको. एकूण गुण बाजूला ठेवा आणि चूक *कसली* झाली ते बघा.

बेंडरबाईंनी १९३८ साली या आकृत्या वर्टहायमरच्या नमुन्यांवरून घेतल्या, त्या 'भाग आणि पूर्ण' यांचं नातं दिसावं म्हणून. ते नातं कुठे तुटतंय ते शोधायचं. दोन षटकोन एकमेकांवर चढलेले आहेत तिथे चढलेला भागच गाळला किंवा शेजारी शेजारी ठेवले. दोन नागमोडी रेघा एकमेकींना छेदतच नाहीत. कोन गोल झाले. आकृतीचे तुकडे सुटे पडले. ठिपक्यांची ओळ कागदाची कड येईपर्यंत थांबलीच नाही. आधीच्या कार्डावरचे ठिपके पुढच्या कार्डावरच्या गोलांच्या जागी आले. या जातीच्या चुका मेंदूकडे बोट दाखवतात, विशेषतः दोनतीन कार्डांवर त्याच पुन्हा आल्या तर.

उलट, आकृती बरोबर आहे पण तिला डोळे काढलेत, षटकोनाचं देऊळ केलंय, गोलांत आकडे भरलेत, तर ती भर विचारातून आलेली असते, मनोविकाराकडे झुकणारी. उन्मादात आकृत्या मोठ्या, पसरट, एकमेकींवर आदळलेल्या, दोन मिनिटांत खेळ खलास. "सावकाश काढा" म्हटलं की सुधारतात. नैराश्यात बारीक, फिक्या, कोपऱ्यात. वेळ लागतो, आकार टिकतो.

आणि नेमक्या याच भांडणासाठी कँटर यांनी साठच्या दशकात एक युक्ती काढली. आधी नेहमीप्रमाणे कोऱ्या कागदावर. मग तीच नऊ कार्डं वेड्यावाकड्या नागमोडी रेघा छापलेल्या कागदावर. स्किझोफ्रेनियाचा पेशंट दोन्हीकडे जवळपास सारखंच काढतो, वाईट तर वाईट. मेंदूची इजा झालेल्याचं काम रेघांच्या गर्दीत जास्त ढासळतं. तुलना त्याची त्याच्याशीच असल्यानं शिक्षण आणि हात यांचा परिणामही बराच वजा होतो. वेळ दुप्पट लागतो एवढंच, आणि तेवढ्यासाठी कुणी ती करत नाही.

संख्याकाका

कँटरची युक्ती चांगली, हे मान्य. पण अवधान फार विस्कटलेला, नव्यानं दाखल झालेला पेशंट रेघांच्या गर्दीत तसाच ढासळतो. स्थिरावल्यावर करावी.

आणि "नागमोडी रेघा आदळल्या म्हणजे रागीट स्वभाव, बारीक काढलं म्हणजे न्यूनगंड" या वाटेनं इथे कुणी जाऊ नये ही विनंती. रिपोर्टात तसली वाक्यं सापडतात आणि खाली सही असते.

न्यूरो_निपाणी

सगळे पॉझिटिव्ह आलेल्या चाचणीवर भांडताय. मला निगेटिव्हची भीती जास्त वाटते.

मोटरसायकलवरून पडलेल्याच्या मेंदूला मार कुठे बसतो? कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत आहे. झटका बसला की कपाळामागचा भाग आणि कानशिलामागचा पुढचा भाग त्यावर घासतो. त्याखेरीज आतले धागे ताणले जातात, ते साध्या सीटीवर बहुतेक वेळा दिसत नाहीत. आकृतीची नक्कल करायला मुख्यतः लागतो मागचा, विशेषतः उजव्या बाजूचा पॅरायटल भाग, म्हणजे डोक्याच्या माथ्याखालचा, मागच्या बाजूचा. तो या अपघातांत पुष्कळदा शाबूत असतो.

म्हणजे धाग्यातला पेशंट नऊच्या नऊ आकृत्या सुबक काढू शकतो आणि तरीही त्याच्या मेंदूला गंभीर इजा असू शकते. चिडणं, पुढाकार नसणं, पैशाचे वेडे व्यवहार, सांगितलेलं विसरणं, यातलं काहीच बेंडरच्या कागदावर उमटत नाही. "बीजीटी नॉर्मल, म्हणून फंक्शनल" हे वाक्य "ऑर्गॅनिसिटी सूचित" पेक्षा जास्त नुकसान करतं.

पॅरायटल इजा असेल तेव्हा मात्र कागद बोलका होतो. उजव्या बाजूची इजा: तपशील भरपूर पण रचना विस्कटलेली, डावा भाग गाळलेला, सगळं काम कागदाच्या उजव्या अर्ध्यात गोळा झालेलं. डाव्या बाजूची: बाहेरचा आकार ठीक, आतले तपशील गळालेले, आकृती साधी होत गेलेली. आणि कधी पेशंट कार्डाच्या अगदी जवळ सरकत, शेवटी कार्डावरच काढू लागतो. मायर-ग्रॉस यांनी १९३५ साली वर्णन केलेलं हे लक्षण स्मृतिभ्रंशात जास्त दिसतं. तरुण माणसात दिसलं तर तडक फोन करा, रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघू नका.

आणखी एक. अपघाताची इजा पहिल्या दिवसांत सर्वांत वाईट असते, मग सुधारते किंवा थांबते. महिन्यांनी *वाढत* जात नाही. तीन महिन्यांच्या अंतरानं काढलेल्या दोन कागदांत दुसरा वाईट असेल तर "ऑर्गॅनिक की फंक्शनल" बाजूला ठेवा आणि पुन्हा स्कॅन मागा. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत वाढलेलं पाणी, झटके, औषधांचा परिणाम, यातलं काही निघू शकतं. नाहीच निघालं तर नैराश्य, दारू.

कार्ड_ए

निपाणीकर, मग कपाळामागच्या भागासाठी आकृत्यांतलंच काही आहे की आकृत्या सोडूनच द्यायच्या?

न्यूरो_निपाणी

रेची जटिल आकृती, एका मोठ्या आयतात बरेच छोटे आकार गुंफलेले. रे यांनी १९४१ साली आणली, ओस्टेरिएथ यांनी १९४४ साली गुणांकन बसवलं. १८ भाग, प्रत्येकी २ गुण, एकूण ३६. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या बॅटरीतही, म्हणजे चाचण्यांच्या संचातही, ही आहे. आधी नक्कल, मग तीन मिनिटांनी न बघता, मग अर्ध्या तासानं पुन्हा. अर्ध्या तासात शब्दांच्या चाचण्या उरकून घ्या, दुसऱ्या आकृत्या नकोत, नाहीतर सरमिसळ होते. "नंतर आठवून काढायची आहे" हे आधी सांगायचं नाही.

गुणांपेक्षा क्रम महत्त्वाचा. दर टप्प्याला पेशंटच्या हातातली पेन्सिल बदलून वेगळा रंग द्या: लाल, निळा, हिरवा. कागद बघून कळतं की मोठा आयत आधी आला, की माणूस डावीकडच्या एका कोपऱ्यापासून तुकडे जोडत गेला. नियोजन बिघडलेला पेशंट तुकड्यातुकड्यानं नक्कल पूर्ण करतो, ३६ पैकी ३० मिळवतो, आणि तीन मिनिटांनी हातात दोन सुटे त्रिकोण. आकृती मुळात एकसंध म्हणून डोक्यात गेलीच नव्हती. नक्कल सुव्यवस्थित, तीन मिनिटांनी चांगली आणि अर्ध्या तासानं पाटी कोरी, तर टिकवून ठेवण्यातला दोष, कानशिलामागचा भाग. नक्कलच धड नसेल तर आठवणीच्या गुणांचा अर्थ लावत बसू नये.

पेन्सिल_एचबी

रंग बदलताना पेशंट थांबतो आणि विचार करतो, त्यामुळे क्रम आपोआप सुधारतो, अशी तक्रार आहे. त्याऐवजी आपण शेजारच्या कागदावर त्याच्या रेघांना १, २, ३ असे आकडे देत जावं. हात दुखतो, पण पेशंटला व्यत्यय नाही.

हातखंडा_ओटी

व्यवसायोपचाराच्या बाजूनं थोडं. तुम्ही मेंदूत शिरण्याआधी मनगटाला हात लावून बघा.

थरथर आहे का? लिथियमनं हात बारीक थरथरतो, हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं पार्किन्सनसारखा आखडतो आणि आकृत्या शेवटाकडे बारीक होत जातात. आखडणं कमी करायला दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल स्मरणावर परिणाम करतं, त्यामुळे आठवून काढायच्या चाचण्या पडतात. म्हणजे आजार मनाचा, औषध मेंदूवर, आणि कागदावर 'ऑर्गॅनिक'. रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत औषधं आणि त्यांचे डोस लिहा. शॉकचे उपचार चालू असतील तर ते संपून काही आठवडे जाऊ द्या. दारू सोडून किमान दोन आठवडे झाले नसतील तर चाचणीच करू नका.

आकार लहान आला म्हणून लगेच निष्कर्ष नको. हुपरीत चांदीवर बारीक काम करणारा कारागीर पेन्सिलनंही बारीकच काढणार, आणि कोन कापल्यासारखे देणार. गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळणाऱ्याच्या बोटांना घट्टे आणि भाजल्याचे वण असतील तर कोन गोल येणारच. मोळी बांधणाऱ्या माणसानं वीस वर्षांत पेन्सिल धरलेली नसते. त्याला आधी कच्च्या कागदावर दोन मिनिटं उभ्या-आडव्या रेघा आणि एक गोल काढू द्या. हात बसला की मग कार्ड ए.

रांगोळी_सात_ते_सात

ओटीताईंच्या पेन्सिलीच्या मुद्द्यावरून. शाळा न पाहिलेल्या बाईला हातात पेन्सिल देऊन षटकोन काढायला लावायचा आणि न जमल्यावर मेंदूवर ठपका ठेवायचा, हे बरोबर नाही. तिला ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगा. सात ते एक, ठिपके मांडणं, ओळीत अंतर राखणं, मग जोडणं. ठिपक्यांच्या ओळी सरळ राहतात का, डावी बाजू सुटते का, एका टोकाला अडकून तीच पाकळी पुन्हा पुन्हा काढते का, सगळं दिसतं. पीठ असलं तरी चालतं.

संख्याकाका

कल्पना सुंदर, पण दोन अडचणी. रोज काढून हातात बसलेली रांगोळी ही नक्कल नव्हे, सवय आहे. बरीच इजा होऊनही सवयी शाबूत राहतात. आणि तुलनेला प्रमाणकं नाहीत.

रांगोळी_सात_ते_सात

म्हणून तर नेहमीची नको, नवीन नमुना समोर ठेवून काढायला सांगायची. आणि गुण द्या असं मी म्हटलंच नाही. बेंडरमध्ये नापास आणि नवीन रांगोळीत पास, तर अडचण पेन्सिलीची असण्याचा संभव वाढतो. दोन्हीत डावी बाजू गायब, तर पेन्सिलीला दोष देता येत नाही. एवढंच.

संख्याकाका

एवढंच असेल तर मान्य.

बिंदूचौक_कट्टा

काकांनी पहिल्यांदा हार मानली. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

शिवाजीपेठ_११_१०

घड्याळाचं कुणीच काढलं नाही? कोरा गोल द्यायचा किंवा गोलही त्यालाच काढू द्यायचा, आकडे भरायला सांगायचे, आणि "अकरा वाजून दहा मिनिटं" दाखवायची. वेळ मुद्दाम तीच. 'दहा' ऐकून ज्याचा काटा १० वर जातो त्याला शब्दाची ओढ आवरत नाही. ती आवरणं हे कपाळामागच्या भागाचं काम. काही जण "सव्वाअकरा" देतात. त्यात ही ओढच नाही, चाचणीतला काटाच काढून टाकल्यासारखं. "पावणेतीन" दिलं तर उलट पाऊण-सव्वाचा हिशेबच तपासला जातो.

आकडे देवनागरी काढले की इंग्रजी, याला गुण नाहीत. पण सुरुवात देवनागरीत आणि सहानंतर इंग्रजीत, असं झालं तर नोंद करा. आणि विशीतल्या पोरांना आधी विचारा, काट्यांचं घड्याळ वाचता येतं का. मोबाईलवर वाढलेल्याला न शिकवलेली गोष्ट न येणं ही इजा नव्हे.

दसरा_चौक_वकील

अपघात दाव्याच्या बाजूनं विचारतो. न्यायाधिकरणापुढे विरुद्ध पक्ष म्हणतो, "आकृत्या मुद्दाम वाकड्या काढल्या." हे ओळखता येतं का?

जुना_खोडरबर

वकीलसाहेब, खात्रीनं नाही, पण विसंगती दिसते. खऱ्या इजेत अवघड आकृती आधी बिघडते, सोपी शेवटी. सोंग करणारा उलटं करतो: साध्या गोलाची वाट लावतो आणि चढलेल्या षटकोनांची गुंतागुंत मात्र बरोबर पकडतो, कारण नेमकं काय बिघडतं हे त्याला ठाऊक नसतं. आठवड्यानं पुन्हा घेतली की चुका जागा बदलतात. खऱ्या इजेच्या चुका बऱ्याच अंशी त्याच राहतात. डावा भाग सोडणारा माणूस जेवताना ताटातली डाव्या हाताची चटणीही सोडतो. टेबलावर डावा भाग सुटतो आणि बाहेर मोबाईल झकास चालतो, असं असेल तर जुळत नाही.

रेची १५ चिन्हांची चाचणीही वापरतात. तीन-तीन चिन्हांच्या पाच ओळी, दिसायला अवघड, प्रत्यक्षात सोपी. ९ पेक्षा कमी आठवली तर शंका घ्यायची असा प्रघात आहे. पण त्यात इंग्रजी अक्षरं, रोमन आकडे आहेत. चौथीत शाळा सोडलेल्यावर ती लावून त्याला खोटारडा ठरवू नका.

दसरा_चौक_वकील

म्हणजे "सोंग आहे" असं लिहिणार नाही?

जुना_खोडरबर

"चुकांचा नमुना ज्ञात इजेशी जुळत नाही" असं लिहिणार. का जुळत नाही ते कोर्टानं ठरवावं. नीट झोप न झालेला, वेदनेत असलेला माणूसही न जुळणारं काढतो.

संपादक

एका सदस्यानं कार्ड ७ आणि ८ चं छायाचित्र टाकलं होतं, काढलं आहे. गुणांकनाची सारणीही टाकू नये. दाव्यासाठी येणारे लोकही आंतरजाल वाचतात.

पेन्सिल_एचबी

संपादकांचे आभार. सारणीवरून आठवलं, चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या मेंदू-बिघाड बॅटरीत (पर्शाद आणि वर्मा, १९९०) बेंडर एकटी नाही. स्मरण, बुद्धी, नाहोर-बेन्सन ही बघण्यातला गोंधळ तपासणारी चाचणी, सगळं सोबत आहे आणि बिघाडाचे गुण एकत्र बघायचे आहेत. आपल्याकडे त्यातली बेंडर तेवढी उचलतात, कारण चिठ्ठीत तेवढीच लिहिलेली असते.

कार्ड_ए

सगळ्यांना धन्यवाद. मूळ प्रश्नावर येतो. रिपोर्टाचा मसुदा असा लिहिला तर?

"रुग्णाचं शिक्षण ७ वी, उजवा हात, चश्मा नाही. औषधं व डोस सोबत नमूद. बेंडर: ९ आकृत्या, १२ मिनिटं. आकृती ६ व ७ मध्ये छेद व चढलेला भाग दाखवण्यात अडचण. फरक दाखवल्यावर लक्षात आला, तीन प्रयत्नांत दुरुस्त झाला नाही. फिरणं, डावीकडचं गाळणं आढळलं नाही. रे आकृती: नक्कल तुकड्यांत, तात्काळ आठवण नक्कलीच्या मानाने बरीच कमी. हा नमुना रचना व नियोजन यांतल्या अडचणीशी सुसंगत आहे. केवळ यावरून कारण ठरवता येत नाही. अपघातापूर्वीच्या कार्यक्षमतेची कुटुंबाकडून माहिती, शाब्दिक स्मरण व अवधानाच्या चाचण्या, आणि तीन महिन्यांनी पुनर्चाचणी सुचवतो."

न्यूरो_निपाणी

छान. "कारण ठरवता येत नाही" नंतर एक वाक्य घाला: "आकृत्यांची नक्कल सामान्य असली तरी पुढच्या भागाच्या इजेची शक्यता नाकारता येत नाही." या पेशंटला लागू नसेल, पण फाईल वाचणारा पुढच्या पेशंटला लावेल. आणि अपघातानंतरची सलग आठवण कधीपासून सुरू होते ते पेशंटला विचारून लिहा. घरच्यांच्या "शुद्ध होती-नव्हती" पेक्षा ते जास्त उपयोगी. "दवाखान्यातलं पहिलं काय आठवतं? त्यानंतरचं?" असं विचारत सलग धागा लागेपर्यंत जायचं. अजून गोंधळातच असेल तर आकृत्या काढूनच घेऊ नका.

हातखंडा_ओटी

"१२ मिनिटं" कशात गेली तेही लिहा. सुरू करायला वेळ लागला, की ठिपके मोजण्यात, की खोडण्यात? पहिलं नैराश्यात किंवा पुढाकार गेलेल्यात दिसतं, दुसरं खबरदार माणसात, तिसरं वर चर्चा झालीच आहे.

संख्याकाका

मसुद्यात एकूण गुण नाहीत हे पाहून बरं वाटलं. कुणी मागितलेच तर द्या, सोबत कुठल्या पद्धतीनं काढले ते लिहून.

बिंदूचौक_कट्टा

आणि चिठ्ठीवाल्याला एका शब्दात उत्तर?

कार्ड_ए

"फोन करा."

पेन्सिल_एचबी

जाता जाता एक राहिलं. आपापला कार्डांचा संच उजेडात धरून बघा. कित्येक ठिकाणी झेरॉक्सच्या झेरॉक्सचा संच चालतो. कार्ड ए वर गोल आणि चौकट जिथे टेकतात तिथे फट पडलेली असते, कार्ड ४ वर उघडा चौकोन शाईनं बंद झालेला असतो, कार्ड ३ चे ठिपके फुगून गोल दिसतात. पेशंट जे दिसतं ते इमानदारीत काढतो आणि आपण त्याच्या नावावर चूक मांडतो. कार्ड १ वर १२ ठिपके आहेत का तेही मोजा.

शिवाजीपेठ_११_१०

मोजले. ११ आहेत. बाराव्याच्या जागी पंचिंग मशीनचं भोक.